रोहिणीचे पाणी आणि मानवतचा कापूस

२०२५ च्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीच्या विहारात नेहमीप्रमाणे रात्री आठनंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचायचे काम माझ्याकडे. त्या रात्री शाक्य संघाचे प्रकरण होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण होते, सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो आणि सिद्धार्थ एकटा उभा राहून विरोध करतो. बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता. पत्र्यावर असा आवाज की मला जवळजवळ ओरडूनच वाचावे लागत होते. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी झाले ते वाचकांना आठवत असेलच. उभा कापूस पाण्यात, सोयाबीन चिखलात.

वाचन संपले. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “गुरुजी, हे पाण्यावरनं भांडले ते समजलं. पण आमचं पोरगं मोबाइलात वाचून सांगतंय, की रशियाच्या लढाईपायी अमेरिकेनं आपल्याला दंड लावला, अन् म्हणून परदेशी कापूस बिनकराचा आत येऊ लागला. लढाई त्यांची. मंग मार आमच्या कापसाला कामून?”

मावशींचे दोन एकर गायरान आहे. ते कसतात आणि हंगामात मानवतच्या बाजूला दुसऱ्याच्या रानात वेचणीलाही जातात. मी म्हणालो, “मावशी, उद्या सांगतो.” उद्याचा आठवडा झाला. वाचल्याशिवाय, दोन जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय उत्तर देता येईना. मग ते विहारात तुकड्यातुकड्याने सांगितले. तेच इथे एकत्र लिहून काढतो, कारण प्रश्न काही एकट्या मावशींचा नाही.

पोराने वाचलेले खरे होते. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. अमेरिका आणि युरोपने रशियाच्या तेलावर बंधने घातली. रशियाने तेल सवलतीत विकायला काढले आणि भारतातल्या तेल कंपन्यांनी ते भरभरून घेतले. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारतीय मालावर आधी लावलेल्या २५ टक्के आयात शुल्कावर आणखी २५ टक्के चढवले. कारणही उघड सांगितले की भारत रशियाचे तेल घेतो. २७ ऑगस्टपासून एकूण शुल्क ५० टक्के झाले. तिरुपूरचे तयार कपडे अमेरिकेच्या बाजारात एकदम महाग झाले, ऑर्डरी अडकल्या.

कापडवाल्यांनी दिल्लीत धाव घेतली. त्यांना दिलासा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या तारखा नीट पाहाव्यात. आपल्याकडे कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे होते. दिवाळीपासून डिसेंबर संपेपर्यंत गरजू माणूस आपला सगळा कापूस घरात न ठेवता बाजारात नेतो, कारण त्याला उधारी भागवायची असते. ज्याला थांबता येते तो फेब्रुवारीपर्यंत थांबतो. म्हणजे गरिबाचा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या दिवसांत परदेशी कापसाला दार सताड उघडे होते.

त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये होता. खासगी व्यापाऱ्याचा काटा त्याच्या खालीच बोलत होता आणि ओलावा दाखवून आणखी खाली उतरत होता. भाव पडला की जमीनवाला पहिली कात्री कुठे लावतो? बियाण्याचे पैसे देऊन झालेले असतात, खताचे, फवारणीचे दिलेले असतात. हातात उरते ती वेचणी. किलोला दहा-बारा रुपयांनी दिवसभर वाकून तीस-पस्तीस किलो वेचणाऱ्या बाईला सांगितले जाते, “यंदा भाव नाही, समजून घे.” मास्कोपासून निघालेली गोष्ट दिल्ली, वॉशिंग्टन फिरून अशी त्या बाईच्या ओट्यात येऊन पडते.

कोणी म्हणेल, रशियाचे तेल घेतलेच कशाला? प्रश्न योग्य आहे. दुसऱ्याच्या देशात रणगाडे घालणे हे आक्रमण आहे, त्याला दुसरे नाव नाही, आणि आक्रमकाकडून माल घेताना विचार करायला हवा. पण मग तो विचार सगळ्यांनी करावा. युरोपचे देश २०२५ मध्येही रशियाचा गॅस घेत होते. खुद्द अमेरिका रशियाकडून खत आणि अणुभट्टीचे युरेनियम घेत होती. आणि आपल्याकडे तेल स्वस्तात आले, तर ती स्वस्ताई परभणीच्या पेट्रोल पंपावर कितीशी उतरली? सवलत तेल कंपन्यांच्या आणि सरकारच्या हिशेबात जिरली. दंड मात्र ज्यांनी त्या तेलाचा थेंबही विकत घेताना विचारले गेले नव्हते, त्यांनी भरला. मोठ्या लोकांच्या नीतीची ही तऱ्हा आहे. शिक्षा ठरवतात एकाला आणि वसूल करतात तिसऱ्याकडून.

हे पहिल्यांदा झाले असे मात्र नाही. आपल्या भागातल्या कापसाला परक्या युद्धाचा पहिला मोठा तडाखा बसला तो १८६१ ते १८६५ मध्ये.

त्या काळी इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कापसावर चालत. तो कापूस पिकवत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलेबाळे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, कापूस निघेना. लँकेशायरचे कारखानदार कापसासाठी हिंदुस्थानकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि रेल्वे अजून पुढे चाळीस वर्षे यायची होती, परंतु शेजारचा वऱ्हाड पेटला की धग इकडे येणारच. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी राजे झाले. आज विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण मान वर करून पाहतो, तो त्यांच्याच देणगीचा.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपले आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा निघणार म्हणताच मुंबईचा बाजार कोसळला. बँका बुडाल्या, खुद्द प्रेमचंद बुडाले. पण व्यापारी बुडतो तो पुन्हा वर येतो. ज्या शेतकऱ्याला तेजीच्या दिवसांत सावकाराने मोकळ्या हाताने कर्ज दिले होते, त्याच्याकडे आता वसुलीचे तगादे सुरू झाले. त्यात सरकारने शेतसारा वाढवून ठेवलेला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जखते जाळली. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सुप्याकडे कापूस फारसा नव्हता, तरीही पैशाचा तो पूर आणि त्यानंतरची ओढ तिथपर्यंत पोचली होती. अमेरिकेतल्या तोफा आणि सुप्यातली कर्जखते यांचा संबंध त्या शेतकऱ्यांना कोणी सांगितला नसेल.

आणि आपले लोक? आपल्या आज्यापणज्यांकडे ना कापूस होता, ना कर्ज काढायला जमीन. त्यांच्याकडे गावकीची कामे आणि बलुत्याची भाकर. ज्वारीच्या रानात कापूस शिरला की ज्वारी महाग होते, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. तेजीचा एक पैसा न मिळता महागाई पूर्ण मिळाली.

आता इथे एक अडचण आहे आणि ती मी विहारातही लपवली नाही. ज्या युद्धाने ही पडझड केली, त्याच युद्धाने अमेरिकेतले सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त केले. सहा लाखांहून अधिक सैनिक त्यात मेले. मग ते युद्ध चांगले की वाईट? महात्मा फुल्यांनी याचे उत्तर दिलेले आहे. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मोकळे करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. पुण्यात बसलेल्या जोतीरावांना कापसाची मंदी दिसत नव्हती काय? दिसत होतीच. शेतकऱ्याच्या हालांवर त्यांच्याइतके त्या काळात कोणी लिहिले नाही. तरीही त्यांनी गुलामाच्या बेडीचे वजन कापसाच्या भावापेक्षा जास्त धरले.

आणखी एक हकीकत सांगतो, ती मला फार मोलाची वाटते. कापूस बंद झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांची चूल विझली. तिथले अनेक धनिक म्हणत होते, दक्षिणेला मान्यता द्या, बंदरे उघडा, कापूस आणा. अशा वेळी १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवली आणि आम्ही गुलामगिरीच्या विरुद्ध आहोत असा पाठिंबा अब्राहम लिंकनला कळवला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचे पत्र लिहिले. सगळेच कामगार या मताचे होते असे नाही. परंतु उपाशी पोटाने ज्यांनी हात वर केले, त्यांनी एक गोष्ट दाखवली. युद्धाचे बिल गरिबाने स्वतःहून, विचार करून, न्यायासाठी उचलणे वेगळे, आणि कोणी ते न विचारता त्याच्या माथी मारणे वेगळे. मावशींचा प्रश्न नेमका या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

२०२२ सालही आपल्या भगिनी विसरल्या नसतील. युक्रेनवर हल्ला झाला आणि महिन्याभरात वाण्याकडचा तेलाचा पुडा महागला. सूर्यफुलाचे तेल आपल्याकडे मुख्यतः युक्रेन-रशियाकडून येई, ते अडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली. अर्ध्या लिटरचा पुडा आणणाऱ्या घराने पाव लिटर आणला, भाजीला फोडणीऐवजी तिखट-मीठ चालवले. त्याच वर्षी पोटॅशची गोणी १,७०० रुपयांवर गेली, कारण पोटॅश रशिया आणि बेलारूसमधून येते. डीएपीची गोणी १,३५० ला राहावी म्हणून केंद्राला गोणीमागे २,५०१ रुपये अनुदान द्यावे लागले. तो पैसाही शेवटी आपल्या करातलाच. काडेपेटी घेणारा माणूससुद्धा कर भरतो, हे आपल्याकडे वारंवार सांगावे लागते.

मग सगळेच युद्ध वाईट म्हणून हात झटकून टाकावेत काय? आपल्या समाजाला ते परवडणारे नाही आणि आपल्या शास्त्याने तसे सांगितलेलेही नाही.

लष्कराशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेत होते, आणि फौजेतल्या शिक्षणामुळेच त्या घरात पाटी-पुस्तक आले. कोकणात, साताऱ्यात, नगर जिल्ह्यात लष्करी पेन्शनीवर आपली पहिली पिढी शिकली. आपल्या निजामी मुलखात तो मार्गही नव्हता, म्हणून इथे अक्षर उशिरा आले. पण या नात्याची दुसरी बाजूही पाहा. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली, तशी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा पुन्हा आठवण झाली आणि बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मरायचे असले की बोलावणे आणि जगायचे असले की वाट दाखवणे. बाबासाहेबांनी हे ओळखून या वेळी रेजिमेंट पक्की करून घेतली. ती आजही आहे.

बाबासाहेब युद्धवादी नव्हते, आणि हातावर हात ठेवून बसणारेही नव्हते. १९१८ मध्ये, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना, त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या युद्धविरोधी पुस्तकावर एक परीक्षण लिहिले. त्यात त्यांनी शक्ती आणि हिंसा यांत फरक केला. काहीही घडवायचे तर शक्ती लागतेच. ती घडवण्याकडे लागली तर ऊर्जा, मोडण्याकडे लागली तर हिंसा, असा त्याचा भावार्थ. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद सांगितला. वैशालीचा सिंह सेनापती तथागतांना विचारतो की मी लढायचे की नाही? तथागत त्याला शस्त्र टाक म्हणत नाहीत. शांततेचे सगळे उपाय थकल्यावर जो न्यायासाठी लढतो त्याला दोष नाही. दोष त्याचा, ज्याने युद्धाचे कारण उत्पन्न केले. म्हणजे युद्धाचा विचार करताना तोफ कोणी डागली एवढेच बघून भागत नाही, कारण कोणी पेरले तेही बघावे लागते.

इथे एका तरुणाने विहारात मला अडवले. त्याचे मामा भंडाऱ्याकडे आयुध निर्माणीत आहेत. त्याने विचारले, “गुरुजी, तथागतांनी पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्राचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. मग मामाची नोकरी सम्यक आजीविका आहे का?” जानेवारी २०२५ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले, त्यामुळे घरात हा विषय होताच. वरणगाव, भुसावळ, खडकी, देहूरोड, अंबाझरी इथे राखीव जागांमुळे आपल्या कितीतरी घरांना भाकर मिळाली. मी त्याला म्हणालो, तथागतांचा शब्द ‘वणिज्जा’ आहे, व्यापार. युद्ध वाढले की ज्याचा नफा वाढतो तो व्यापारी. २०२४ मध्ये जगातल्या शंभर बड्या शस्त्र कंपन्यांनी मिळून ६७,९०० कोटी डॉलरची शस्त्रे आणि लष्करी सेवा विकल्या. हा आजवरचा उच्चांक, असे स्टॉकहोमची शांतता संशोधन संस्था सिप्री सांगते. तुझा मामा पगारावर आहे, युद्ध झाले म्हणून त्याला हिस्सा मिळत नाही. उलट बारुदाजवळ तोच उभा असतो. तरुणाचे पूर्ण समाधान झाले नाही. माझेही झालेले नाही. प्रश्न मामांनी स्वतःला विचारायचा आहे, आपण त्यांच्या घरी बसून विचारायचा नाही, इतकेच मला वाटते.

आता पुन्हा रोहिणीकडे येतो, कारण मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे आणि आपण बहुतेक वेळा ते वाचायचे सोडून देतो.

आपल्या विहारांत, जयंतीच्या भाषणांत रोहिणीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाने बहुमताने ठराव मंजूर केला, सिद्धार्थापुढे शिक्षा ठेवली, त्याने घरच्यांवर बहिष्कार येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करली. टाळ्या. इथे वक्ता खाली बसतो. परंतु बाबासाहेबांनी गोष्ट इथे संपवलेली नाही. पुढे परिव्राजक झालेल्या सिद्धार्थाला बातमी येते की शाक्य-कोलियांत समेट झाला, युद्ध टळले, आता घरी चल. वास्तविक घर सोडण्याचे कारण उरले नव्हते. तेव्हा तो विचार करतो आणि त्याला दिसते की राष्ट्राराष्ट्रातले युद्ध कधीतरी होते, पण वर्गावर्गातला संघर्ष रोजचा आहे, अखंड आहे, आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे. म्हणून तो परत फिरत नाही. बोधी मिळवायला पुढे जातो. सिद्धार्थ घरातून निघाला युद्धामुळे आणि परत आला नाही तो दारिद्र्य आणि पिळवणुकीच्या प्रश्नामुळे, असे बाबासाहेबांचे मांडणे आहे. ग्रंथातले हे प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचे आहे. मी ते त्या रात्री पुन्हा वाचले. आधीच्या वर्षी मीही घाईने उलटले होते, हे कबूल करतो.

दीघनिकायातल्या चक्कवत्ती-सीहनाद सुत्तातही तीच साखळी आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यामुळे चोरी वाढली. चोरीमुळे शस्त्रे वाढली. शस्त्रांमुळे हत्या वाढली. सुरुवात शस्त्रापासून नाही, सुरुवात वाटपापासून आहे. आणि कूटदंत सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो की दरोडे थांबवायचे तर फाशी देऊन थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला योग्य वेतन दे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे अंदाजपत्रक आहे.

आता आजचे अंदाजपत्रक पाहू. सिप्रीच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगाने लष्करावर २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर खर्च केले. एका वर्षात ९.४ टक्के वाढ. त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे, जगात ६७ कोटी ३० लाख माणसे उपाशी होती. आपला देश लष्करी खर्चात जगात पाचवा. सीमा राखायला नको असे कोणीही म्हणणार नाही. पण १० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी जे निवेदन केले त्यात हिंदू कोड बिलाबरोबर हाही मुद्दा होता, तो आपण सहसा सांगत नाही. देशाचा वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी, त्यातले जवळजवळ १८० कोटी फौजेवर जातात. परराष्ट्र धोरण असे हवे की मित्र वाढतील आणि हा भार हलका होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तो पैसा दुष्काळात धान्याला आणि उद्योगाला लागला असता. एका माजी सुभेदाराचा मुलगा, महार रेजिमेंट उभी करणारा नेता हे बोलत होता, म्हणून त्याला वजन आहे.

आणि कापसाच्या बाबतीत तर बिनतोफेचेही युद्ध चालू असते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना सरकारी तिजोरीतून अनुदान देते. या शतकाच्या सुरुवातीला तिथे कापूस पिकवणारे सुमारे पंचवीस हजार होते; आपल्याकडे आणि आफ्रिकेत कोट्यवधी. अनुदानाच्या जोरावर तो कापूस जगात स्वस्तात पडतो. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध दाद मागितली. ब्राझीलने तर रीतसर खटला भरला आणि जिंकला. मग अमेरिकेने काय करावे? अनुदान बंद करण्याऐवजी २०१० मध्ये ब्राझीललाच दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. खटला भरण्याची ऐपत असलेल्याला पैसे मिळाले. आफ्रिकेतल्या त्या चौघांच्या शेतकऱ्यांना काहीच नाही. आपल्या गावातली तंटामुक्तीसुद्धा यापेक्षा बरी.

रोहिणी तरी आपल्यापासून कुठे लांब आहे! पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा जालन्यावरून आपल्या जिल्ह्यात येतो. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणे, खालच्या टोकाला आपण. पाणी सोडा म्हटले की दरवेळी वरच्यांचे मोर्चे आणि खालच्यांचे मोर्चे. पण इथे तलवारीऐवजी २००५ चा कायदा आहे, पाणी नियमन प्राधिकरण आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा निर्णय आहे की पाण्याचे समन्यायी वाटप करावे लागेल. टोकाला पाणी पोचते का, तर अर्धेमुर्धे. परंतु निदान मागायला एक दार आहे. देशादेशांत असे दार नाही. आहे ते बलवानाच्या घरात उघडते.

हे सगळे ऐकून झाल्यावर मावशी म्हणाल्या, “म्हणजे गुरुजी, वरपासून खालपर्यंत ज्याच्या हातात कागद त्याचं खरं.” मी दोन पाने वाचून जे सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात संपवले.

कारण त्यांचे पुढे असे झाले. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो आणि त्यावर कापसाचा पेरा लागतो. मावशींच्या घरच्यांनी गायरान फोडले त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचे. हमीभाव जाहीर होतो तो सगळ्यांसाठी, मिळतो तो सातबारावाल्याला. आपल्या मराठवाड्यात आपल्या किती घरांची हीच गत आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते याच कागदासाठी. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित व्हायला हवीत. कितीतरी फायली अजून तशाच पडून आहेत.

पावसातून वाचलेला साडेचार क्विंटल कापूस मावशींनी गावातल्या व्यापाऱ्यालाच घातला. ओलाव्याचा कडता वेगळा. पैसे आले ते खताच्या दुकानात गेले.

वर्षावास संपल्यावरच्या रविवारी त्या विहारात एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत सासूच्या नावाच्या अतिक्रमण दंडाच्या पावत्या. दर दोन-तीन वर्षांनी तलाठी दंड लावायचा आणि पावती द्यायचा. सासूबाईंनी एकही टाकली नव्हती. त्यांना अक्षर येत नव्हते, पण सरकारी शिक्का कळत होता. काही पावत्या वाळवीने खाल्ल्या होत्या, काहींची शाई उडाली होती. आम्ही चौघे-पाच जण सतरंजीवर बसून त्या सालाप्रमाणे लावू लागलो. तो निर्माणीवाल्या मामाचा भाचा मोबाइलचा उजेड धरून होता. १९९६, १९९३, १९९१. सर्वात खालून एक निघाली, घडीवर फाटलेली, पण तारीख स्पष्ट : १९८७. ती वेगळी काढली, दोन झेरॉक्स काढायचे ठरले. सोमवारी तहसीलला कोण कोण यायचे, याची नावे लिहून घेतली आणि विहाराला कुलूप लावले.